ग्रुप फुटला तर आधी रॉडला हात लावू नका

काल दहा गुण मारणारी रायफल आज आठ मारायला लागली की आपला पहिला हात क्लीनिंग रॉडकडे जातो आणि दुसरा स्कोपच्या नॉबकडे. माझाही गेला होता. त्यात तीन आठवडे गेले, आणि शेवटी सापडलेला दोष नळीत नव्हता, गोळीत नव्हता आणि माझ्यातही नव्हता.

मी ५० मीटर प्रोन (पोटावर पडून) मारते आणि रेंजवर नव्या मुलांच्या रायफली बघून देते. माझी रायफल .२२ ची, बोल्ट ॲक्शन (नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट हाताने ओढायचा), एका वेळी एकच गोळी भरायची, दस्ता लाकडी. १० गोळ्यांचा माझा नेहमीचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत २३-२४ मिलिमीटर. एका मंगळवारी तो रुंदीला तेवढाच राहिला आणि उंचीला ३८ झाला. सहा गोळ्या जागेवर, चार वर. बुधवारी तसंच, गुरुवारी तसंच. या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे वर गेलेली प्रत्येक गोळी थेट नऊ किंवा आठ.

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी एवढं करा: बोल्ट बाहेर काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघा, गोळ्या दुसऱ्या टेबलावर ठेवा. ग्रुप बिघडताना एखाद्या बाराचा आवाज फुसका आला असेल आणि टार्गेटवर भोक दिसत नसेल, तर पुढची गोळी भरायचीच नाही. शिसं नळीत अडकलेलं असू शकतं. बोल्ट काढून मागून उजेडाकडे बघा. नळी आरपार दिसली तरच पुढचं बोलू.

खरंच बिघडलं आहे का?

पाच गोळ्यांच्या ग्रुपवरून काहीही ठरवू नका. तीच रायफल, तोच लॉट (एकाच नंबरच्या गोळ्या), तोच माणूस. एकदा ८ मिलिमीटर येतात, लगेच पुढचा ग्रुप १५ चा येतो आणि दोन्ही वेळा रायफल ठणठणीत असते. मुलं आठाचा ग्रुप फोनवर जपून ठेवतात आणि पंधराचा आला की रडकुंडीला येतात. किमान दोन, जमल्यास तीन ग्रुप दहा-दहा गोळ्यांचे मारा आणि ते एकमेकांवर ठेवून बघा. तिन्ही सारखेच वाईट आले तरच शोधाला लागा.

ग्रुप घट्ट आहे पण सगळाच्या सगळा दुसरीकडे गेलाय, हा प्रकार वेगळा. तिथे अचूकता गेलेली नाही, झीरो, म्हणजे नेम धरला तिथे गोळी लागण्याची जुळणी, सरकला आहे. साइटचा क्लॅम्प, स्कोपचा माउंट, गालपट्टीची उंची किंवा बटप्लेट (दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक) यांपैकी काहीतरी हललं आहे. ते घट्ट करा, क्लिक द्या, मोकळे व्हा.

टार्गेट वाचायला शिका

ग्रुप किती मोठा झाला हे सगळे मोजतात. त्याचा आकार कसा झाला हे बघायला फार थोडे जण थांबतात, आणि निम्मं उत्तर तिथेच असतं.

ग्रुप उभा लांबला असेल तर संशयित चार: गोळीचा वेग कमीजास्त होतोय, गोळी पेटवणाऱ्या पिनचा ठोका कमजोर आहे, नळीला खालून काहीतरी टेकतंय, किंवा श्वास. वेगाचा हिशेब सोपा आहे. ३३० मीटर प्रति सेकंद वेगाची .२२ गोळी ५० मीटरपर्यंत जाईतो साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. वेग १० मीटरने कमी झाला तर ती आणखी ७ मिलिमीटरच्या आसपास खाली पडते. म्हणजे वेगातला तेवढा फरक दहाचा नऊ करायला जवळजवळ पुरेसा आहे.

आडवा पसरला असेल तर आधी वारा, मग रायफलचा कल. रायफल ५ अंश तिरकी धरली तर त्याच १२ सेंटिमीटरच्या हिशेबाने गोळी बाजूला १० मिलिमीटर जाते. साइटमधली बुडबुड्याची लेव्हल सैल झाली असेल तर हे तुम्हाला कळणारही नाही, कारण बुडबुडा मात्र मधोमध दिसत राहतो.

दोन स्वतंत्र पुंजके पडत असतील तर कुठलीतरी वस्तू दोन जागा बदलत बसते आहे: स्कोपच्या आतली नळी, स्कोप धरणारी सैल रिंग, किंवा दस्त्यात नीट न टेकलेली ॲक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो धातूचा भाग). चारी बाजूंना विखुरला असेल तर नळीचं तोंड, नळीत साचलेलं शिसं किंवा गोळीचा लॉट. आणि भोकं गोल न पडता लांबट पडत असतील तर गोळी आडवी होत जाते आहे. तिथे मारणं थांबवा आणि नळीच्या तोंडापासून तपासायला सुरुवात करा.

माझा ग्रुप उभा होता. हे मी पहिल्या दिवशी वहीत लिहिलं, आणि लगेच चारपैकी सर्वांत सोयीचा संशयित धरला: गोळी. तोच लॉट गेले सहा महिने चांगला चालला होता याकडे सरळ दुर्लक्ष केलं.

काय बदललं होतं?

बिघाड अचानक झाला असेल तर त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत काहीतरी बदललेलं असतं. घसा (नळीचा चेंबरच्या लगेच पुढचा भाग) झिजणं, स्प्रिंग थकणं ही हळूहळू होणारी कामं आहेत. म्हणून स्क्रूड्रायव्हर घेण्याआधी वही घ्या आणि यादी करा. रायफल कधी उघडली, काय साफ केलं, कुठला बॉक्स फोडला, चष्मा बदलला का, जॅकेट नवं आहे का, रायफल पडली का, प्रवासात केसमध्ये कशी ठेवली होती. यादीत "काही बदललं नाही" असं कधीच लिहू नका. "मला आठवत नाही" असं लिहा.

माझ्या वहीत त्या दोन आठवड्यांत फक्त "दस्ता पुसला" एवढीच नोंद होती.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे सांगायला सोपं आहे, पाळताना जीव जातो. स्पर्धा जवळ आली की माणूस एकाच संध्याकाळी नळी साफ करतो, स्क्रू आवळतो आणि लॉटही बदलतो. ग्रुप सुधारला तर कशाने सुधारला ते कळत नाही, बिघडला तर कशाने बिघडला तेही नाही. क्रमही ठरलेला असावा: आधी ज्या गोष्टी परत पहिल्यासारख्या करता येतात त्या, आणि नळी घासणं, बेडिंग (ॲक्शनची दस्त्यातली बैठक), तोंड नव्याने कापणं या गोष्टी अगदी शेवटी.

स्क्रू

इथे जास्त वेळ द्या. मुलांच्या ज्या रायफली माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच इथेच बऱ्या होतात.

ॲक्शन दस्त्याला धरून ठेवणारे स्क्रू टॉर्क रेंचने बघा. किती न्यूटन मीटर ते तुमच्या रायफलच्या पुस्तिकेत असतं. माझं ५ चालतं म्हणून तुमचंही ५ असं नसतं. लाकडाचा दस्ता आणि ॲल्युमिनियमचा दस्ता यांना वेगवेगळा आकडा लागतो. नुसतं आवळून सोडू नका. दोन्ही सैल करा, रायफल बटावर उभी धरा म्हणजे ॲक्शन स्वतःच्या वजनाने मागे बसते, मग पुढचा थोडा, मागचा थोडा, पुन्हा पुढचा, असं करत आकड्यापर्यंत या. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर रंगाच्या पेनाने एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की रेंचची गरजच नाही.

बेडिंग बघायची साधी युक्ती: नळी आणि दस्त्याचं पुढचं टोक यांना एकत्र स्पर्श होईल असं बोट ठेवा आणि कुणाला तरी पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायला सांगा. नळी दस्त्यापासून हलल्याची स्पष्ट जाणीव झाली तर ॲक्शन ताणाखाली बसली आहे. डायल गेज असेल तर ०.०५ मिलिमीटरच्या आतली हालचाल चालते. लाकूड ओल धरतं आणि फुगतं. कोरड्या हवेत नीट बसलेली ॲक्शन दमट हवेत वाकडी बसू शकते.

मग नळी मोकळी आहे का ते. कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्या मधून तोंडाकडून ॲक्शनपर्यंत सरकवायची. कुठेही अडता कामा नये. मी ही परीक्षा पहिल्याच आठवड्यात केली. पट्टी आरपार सरकली, मी खूण केली आणि पुढे गेले. या ओळीकडे पुन्हा येणार आहे.

साइट, स्कोप

स्कोप असेल तर स्कोपवर वाद घालण्यापेक्षा ज्याची खात्री आहे असा दुसरा स्कोप लावून १० गोळ्या मारा. दुसरा नसेल तर चौकोन मारून बघा: एकाच खुणेवर नेम ठेवून २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक ठिकाणी तीन गोळ्या. पाचवा ग्रुप पहिल्यावर परत पडला पाहिजे. पॅरलॅक्सही बघा: रायफल उशीवर स्थिर ठेवून डोकं जरासं हलवा, क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) टार्गेटवर पोहत असेल तर आधी ते ठीक करा.

उघड्या साइटवर मारणाऱ्यांनी पुढच्या साइटच्या आतली रिंग आवळून बघावी. पुढची साइट ज्या जोडनळीवर बसते तिचा क्लॅम्पही बघावा. दोन साइटमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरलं तर मागची साइट दशांश मिलिमीटरने हलली तरी टार्गेटवर ६ मिलिमीटर सरकतात. ही हालचाल डोळ्याला दिसत नाही. साइट चिमटीत धरून हलवा, हाताला कळते.

गोळी

लॉट म्हणजे बॉक्सवरचा नंबर; नाव तेच असलं तरी नंबर बदलला की ती तुमच्या नळीसाठी नवी गोळी. एक सवय लावून घ्या: जो लॉट चांगला चालतो त्यातल्या १०० गोळ्या बाजूला ठेवून द्या, स्पर्धेलाही वापरू नका. मी त्यांना साक्षीदार म्हणते. ग्रुप फुटला की साक्षीदार काढायचे. त्यांनी चांगला ग्रुप दिला तर दोष नव्या लॉटचा. त्यांनीही वाईट दिला तर गोळीचा पिच्छा सोडा.

लॉट किंवा कंपनी बदलल्यावर पहिल्या १०-२० गोळ्या मोजू नका, कारण नळीत आधीच्या गोळीचं वंगण असतं. कडक थंडीत हेच वंगण घट्ट होतं आणि ग्रुप पसरतो. गोळ्या भरताना शिशाला कडेचा ओरखडा येतोय का तेही एकदा बघून घ्या.

माझ्या साक्षीदारांनीही उंचीला ३६ दिले. तरी मी वेगमापक मागून आणला आणि ३० गोळ्यांचा वेग मोजला. वेग नेहमीसारखाच एकसारखा होता. पिनचा ठोकाही बघितला: चालवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या रांगेत ठेवून कडेवरचा ठसा पारखायचा, उथळ किंवा कमीजास्त असेल तर पिनवरचं जुनं घट्ट ग्रीस पुसायचं, तरी फरक नाही पडला तर स्प्रिंग बदलायची. माझे ठसे खोल आणि सारखे होते.

नळी

आता रॉड. मागून, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावूनच. .२२ मध्ये चेंबरच्या लगेच पुढे काजळीचं कडं साचतं, ते साध्या पॅचने (कापडाच्या तुकड्याने) निघत नाही; सॉल्व्हंट लावून थोडा वेळ मुरू द्या, मग ब्राँझचा ब्रश थोडा फिरवा. तोंडाजवळ शिशाचे चट्टे बघा. शेवटी कोरडे पॅच, कारण नळीत उरलेल्या तेलावर पहिल्या गोळ्या हमखास भरकटतात. साफ केलेल्या नळीवर १०-२० गोळ्या मारल्याशिवाय निकाल लावू नका. बोअरस्कोपची (नळीच्या आत बघायच्या दुर्बिणीची) मला थोडी भीतीच वाटते: उत्तम मारणाऱ्या नळ्याही आतून भयंकर दिसतात, आणि एकदा दिसलं की माणूस घासत सुटतो.

तोंडाच्या कडेवर कानात घालायचा कापसाचा बोळा गोल फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे कड उचललेली आहे. तोंडावर काजळीचं चांदणीसारखं नक्षीकाम पडतं ते सगळीकडे सारखं आहे का बघा. एकीकडे लांब, एकीकडे आखूड असेल तर तोंड चांगल्या कारागिराला दाखवा. घरी घासू नका.

मोठ्या काडतुसाची रायफल असेल तर यादीत थोडी भर. नळीच्या तोंडावरचा ब्रेक (धक्का कमी करणारा) किंवा सप्रेसर (आवाज कमी करणारा) गरम होऊन सैल होतो, तो पहिला हलवून बघा. तांब्याचा थर वेगळ्या सॉल्व्हंटने निघतो. काही गोळ्यांनंतर ग्रुप एकाच दिशेने चालायला लागला तर तापलेली नळी कुठेतरी टेकते आहे. घशाची झीज खरी आहे: .३०८ ची नळी काही हजार गोळ्या सहज काढते, मोठ्या दारूभाराच्या मॅग्नमचा घसा हजार-दीड हजारातही धुतला जातो. पण ते एका मंगळवारी होत नाही. स्वतः काडतूस भरणाऱ्यांनी दारूचा डबा कधी बदलला ते आठवावं. नव्या डब्यावर जुना भार तसाच चालवू नये, खालून सुरुवात करून पुन्हा चाचणी घ्यावी.

बाकावरची फसवणूक

इतकं करून काही हाती लागलं नाही तेव्हा मी शेवटची परीक्षा केली, जी खरं तर आधी करायची असते. रायफल बाकावर, पुढच्या टोकाखाली वाळूची उशी. १० गोळ्या, १५ मिलिमीटर. पुन्हा १० गोळ्या, १६. गोल, सुरेख ग्रुप.

रेंजवरच्या सगळ्यांचा निकाल एकच: रायफल ठीक आहे, ताई, श्वास बघा. मलाही पटलं. उभा ग्रुप, प्रोन, श्वास, पुस्तकी उत्तर. आठवडाभर मी गोळी नसलेल्या रायफलवर श्वास मोजत पडून राहिले. ग्रुप उभाच. मग माझ्याच उंचीच्या एका सहकारी मुलीला माझी रायफल, माझा स्लिंग (रायफल दंडाला बांधणारा पट्टा) लावून मारायला दिली. तिचाही उभा. दोघींचा श्वास एकाच दिवशी बिघडेल कसा?

बाकावर आणि प्रोनमध्ये फरक एकच होता: स्लिंगचा ताण. बोल्ट काढून ठेवला, मी स्लिंग घट्ट लावून नेहमीसारखी पडले आणि तिला कागदाची पट्टी सरकवायला सांगितली.

"ताई, अडकतोय कागद. हँडस्टॉपच्या वर."

हँडस्टॉप म्हणजे पुढचा हात जिथे टेकतो आणि स्लिंग जिथे जोडतो तो तुकडा. स्लिंग सोडला, पट्टी सरकली. लावला, अडकली. दस्ता उतरवला तेव्हा नळीच्या पोटाला मोहरीएवढा चकचकीत ठिपका दिसला, काळा रंग उडालेला. त्याच्या बरोबर खाली दस्त्याच्या खाचेत एका स्क्रूचं टोक जेमतेम मिलिमीटरभर वर आलं होतं. "दस्ता पुसला" त्या दिवशी मी हँडस्टॉपची धातूची पट्टीही काढली होती, तिचा मागचा स्क्रू हरवला, आणि डब्यातला दुसरा लावला. दोन मिलिमीटर लांब. वहीत लिहिला नाही, कारण स्क्रूच्या जागी स्क्रू लावला, यात बदल कुठला? स्लिंग ओढला की पट्टीचं मागचं टोक वर दाबलं जायचं आणि स्क्रू नळीला खालून टेकायचा. ताण थोडा कमी पडला तर टेकायचा नाही. सहा जागेवर, चार वर. बाकावर उशी पट्टीच्या पुढे असते, पट्टीवर ताणच येत नाही, म्हणून तिथे ग्रुप सुरेख.

तेव्हा कागदाची पट्टी सरकवाल ती ज्या अवस्थेत ग्रुप फुटतो त्याच अवस्थेत सरकवा: स्लिंग लावून, बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) जोर देऊन, जसे मारता तसे. बोल्ट बाहेर काढून आणि मदतीला कुणी तरी घेऊन. मुलांच्या रायफली तपासताना हे मी आता कागदाच्या पहिल्या फेरीतच करते.

स्क्रू कानशीने दोन मिलिमीटर कमी केला, टोकाची कड मोडली, दस्ता आकड्याप्रमाणे बसवला. पुन्हा स्लिंग लावून कागद आरपार. पहिल्या १० गोळ्या मोजल्या नाहीत. पुढचा ग्रुप २४ मिलिमीटर, गोल. दुसऱ्या दिवशी २२. तिसऱ्या दिवशी २९, आडवा. वारा डावीकडून होता, तेही लिहून ठेवलं.